दोन शिवारांचे विंचू आणि माहेरचा एक मुक्काम

सगळ्यात आधी टपकली ती शेजारची ठकूबाई. बशीतला चहा निवायच्या आत तिनं सांगून टाकलं, की पारापाशी पांढरी जीप आलीय, जीपमधून पुण्याची बाई उतरलीय, बाईचे केस बाप्यासारखे कापलेत, आणि ती गावात विंचू मागत फिरतेय.

"मागतीया म्हंजे?" मी विचारलं.

"म्हंजे मागतीया! जित्ता आना म्हनती. कौसे, ही करनी करनारी हाय. न्हाईतर इंजेक्शनं बनवीत असंल. मी पोरांना घरात कोंडून आलेय बग."

असं म्हणून ती पुन्हा पाराकडंच पळाली, काही बघायचं राहू नये म्हणून.

ही नव्वदच्या दशकाच्या शेवटाची गोष्ट. दिवाळी होऊन पंधरा दिवस झाले असतील. माझं गाव पारनेर तालुक्यातलं, टाकळी ढोकेश्वराच्या अलीकडं, कल्याण रस्ता सोडून आत. तेव्हा मी पन्नाशी ओलांडलेली, दोन नातवांची आजी होते. आता ऐंशीच्या पुढं गेले. शाळा दुसरीपर्यंत, त्यामुळं बोलते तसंच लिहिते. नातसून म्हणाली, लोक आपापल्या प्रवासाचं लिहून इंटरनेटवर टाकतात, आजी तुम्ही पण लिहा. मी म्हटलं, आमचा कसला प्रवास, शेतावर नि बाजारात. मग आठवलं, एक केलाय. दोनच दिवसांचा, पण असला कोणी केला नसेल. मी तर अजून हरखते आठवलं की. पुढच्या सीटवर बसले होते मी, ड्रायव्हरच्या शेजारी!

तर ती बाई म्हणजे वृषाली मॅडम. विंचवांवर शिकत होत्या. उतरायला जागा नव्हती म्हणून सरपंचानं आमची पुढची खोली दिली, आम्हाला न विचारता. तिसऱ्या प्रहरापर्यंत ओसरीवर गावानं सात विंचू आणून टाकले. सातही मेलेले. तीन चपलेखाली चेंदलेले, दोघांची नांगी मोडलेली, आणि दोन रॉकेलच्या बाटलीत. आम्हाला विंचू आणायची दुसरी रीतच ठाऊक नव्हती.

"बाबा, मी जिवंत म्हटलं होतं," मॅडम म्हणाल्या.

"घरातनं निघालो तवा हुता की जित्ता," पांडूनाना म्हणाले. "वाटंत वळवळाय लागला. मग काय करू? मुका घेऊ?"

मॅडम हसता हसता खालीच बसल्या. तेवढ्यानं गावाची भीती निम्मी गेली.

संध्याकाळी चुलीपाशी बसून त्यांनी सांगितलं ते मला कळलं तसं सांगते. प्रत्येक जिवाच्या अंगात, अगदी कणाकणात, बारीक लिखाण असतं. अक्षरं चारच, पण ओळी लांबच लांब. त्यातला एक तुकडा असा, की तो फक्त आईकडून येतो. मुलगा असो, मुलगी असो, तो तुकडा आईचा, तिच्या आईचा, तिच्याही आईचा. बापाचा त्यात काडीचा संबंध नाही. पिढ्या जातात तसं कुठंतरी एखादं अक्षर बदलतं आणि पुढं ते तसंच उतरत राहतं. दोन विंचवांच्या लिखाणात थोडाच फरक असला तर ते जवळचे भाऊबंद. पुष्कळ असला तर त्यांची ताटातूट फार जुनी. विंचवाचा एक पाय असला तरी तेवढ्यावरून हे वाचता येतं म्हणाल्या.

"म्हंजे तुमी विंचवाचं आजोळ हुडकताय," मी म्हटलं.

"मावशी, हे मी माझ्या सरांना सांगणार आहे," मॅडम म्हणाल्या आणि वहीत लिहून घेतलं. माझं बोलणं वहीत! मी दोन भाकरी जास्तच थापल्या त्या दिवशी.

तेव्हा ओसरीवरून मालक बोलले. आमचे मालक म्हणजे दिवसात दहा शब्द बोलणारा माणूस. "पन दोन गावचे विंचू एक हायेत का निराळे, ते कळतंय का ह्याच्यात?"

"कळतं ना. दिसायला सारखे असले तरी मधे डोंगर असला, नदी असली, तर ते कधीच वेगळे झालेले असू शकतात. तेच तर बघायचंय. पाथर्डीच्या डोंगरातला लाल विंचू पण मला हवाय. तिकडं कुणी ओळखीचं आहे का?"

मी तव्यावरची भाकरी उलटायची विसरले.

तिकडं माझं माहेर. आणि आता मागचं सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

बहात्तरच्या दुष्काळात मी माझी मोठी लेक शेवंता, चार वर्षांची, हिला घेऊन माहेरी गेले होते. तिकडं विहिरीला थोडं पाणी होतं. उन्हाळ्यातली दुपार. शेवंता परसातल्या दगडी भिताडाला टेकून सागरगोटे खेळत होती. एक सागरगोटा दगडाच्या फटीत गेला, तिनं हात घातला, विंचू चावला. दिवस मावळायच्या आत गेली. माझ्या सासूबाई म्हणाल्या, आमच्या शिवारात विंचू चावून कोणी मेलेलं नाही, तिकडचा विंचूच मारका, सुनेनं पोरगी नेली आणि तिच्या आईनं घालवली. सासूबाई बोलून मोकळ्या झाल्या. मालक बोलले नाहीत, पण त्यांनी ते धरून ठेवलं. माझ्या माहेरचं पाणी प्यायले नाहीत. मला जायला मनाई नव्हती, पण सकाळी जायचं आणि दिवसाउजेडी परत यायचं. पंचवीसच्या वर वर्षं मी आईपाशी एक रात्र काढली नव्हती. आणि माझी आई आता डोळ्यांनी अधू झाली होती. दर खेपेला विचारायची, जावई एकदा उंबऱ्याला पाय लावतील का गं, मी हाय तवर?

दुसऱ्या दिवशी सकाळी मालक बांधावरून आले ते हातात तंबाखूची डबी घेऊन. आत जिवंत लाल विंचू. झाकणाला खिळ्यानं भोकंसुद्धा पाडलेली. डबी मॅडमपुढं ठेवली.

"हा आमचा. हिला घेऊन जा, ती दावील भिताड. तिथला काढा, न् ताडून बघा. एक निघाला तर मी त्या घरी जाईन. जेवीन. म्हातारीच्या पाया पडंन."

"आणि निराळा निघाला तर?" मॅडमनं विचारलं.

मालक बैलाला पाणी पाजायला निघून गेले.

मॅडमनी डबीवर कागदाची पट्टी चिकटवली आणि पेन्सिलीनं गावाचं नाव, जागा लिहिली. पेननं का नाही, विचारलं तर म्हणाल्या, स्पिरिट सांडलं तर शाई उतरते, पेन्सिल राहते.

निघालो आठ वाजता. जीप भिंगारच्या रज्जाकभाईंची, भाड्याची. पन्नाशीचा माणूस, दाढी मेंदीनं रंगवलेली, तोंड एक मिनिट बंद नाही. मागं मॅडम, त्यांच्या पेट्या, आणि फोटोच्या रोळाच्या रिकाम्या काळ्या डब्यांची पिशवी. एका डबीत एक विंचू ठेवायचा, दोन ठेवले तर एकमेकांना खातात. भाळवणीपर्यंत रस्ता बरा, पुढं खड्डेच खड्डे; आता सिमेंटचा झालाय म्हणतात. पण मला त्या खड्ड्यांचंसुद्धा कौतुक. एस.टी.त मला कायम मधली जागा, खिडकीबाहेरचं कधी दिसलंच नव्हतं. पुढच्या काचेतून रस्ता आपल्या अंगावर येतो नि पोटाखालून जातो, हे मला त्या दिवशी समजलं.

नगर ओलांडून भिंगारला रज्जाकभाईंच्या घरी थांबलो. त्यांच्या बायकोनं चहा दिला, सोबत नानकटाई. बाहेर मिलिटरीच्या गाड्या ओळीनं जात होत्या, मी मोजायला लागले आणि मोजणी चुकली. निघताना रज्जाकभाईंनी मला विचारलं, मावशी, तुमच्या म्हाताऱ्यानं डबी का दिली? मी सांगितलं. मेहेकरीपाशी त्यांनी जीपचा वेग कमी केला. मग म्हणाले, "मावशी, एक बोलू? विंचू काय सातबारा बघून डंख मारतो का?"

मला इतकं हसू आलं, की डोळ्याला पदर लावावा लागला. हसण्यातच बाकीचं पण निघून गेलं थोडं.

करंजी घाटात मॅडमनी जीप थांबवली. घाट तसा लहानच, पण वर उभं राहिलं की खालचा मुलूख सगळा दिसतो, ज्वारीचे हिरवे तुकडे नि मधेच उघडा मुरूम. तुम्ही कधी गेलात तर थांबा, वाऱ्यानं पदर जाग्यावर राहत नाही. तिथं मॅडमनी मला दगड उलटायला शिकवलं. दगडाची पलीकडची कड धरायची आणि आपल्याकडं ओढायची, म्हणजे उघडी बाजू तिकडं जाते आणि आत जे असेल ते आपल्या पायावर येत नाही. बघून झालं की दगड होता तसा, होता तिथंच ठेवायचा. खाली कुणाचंतरी घर असतं. लांब चिमट्यानं शेपटी धरायची. पाचव्या दगडाखाली इंगळी निघाली, म्हणजे काळा मोठा विंचू, वीतभर, अंगठ्याएवढे जाड चिमटे पुढं करून.

"घाबरू नका. ही दिसायलाच भयंकर," मॅडम म्हणाल्या. "पुढचे चिमटे जाड आणि शेपटी बारीक असली तर ती चिमट्यांवर जगते, विषाचं तिला फार काम नसतं. चिमटे काडीसारखे आणि शेपटी जाड, तो लाल. तो माणूस मारू शकतो."

लक्षात ठेवा हे. मी ठेवलं, आणि दुसऱ्या दिवशी वाटलं, नसतं ठेवलं तर बरं झालं असतं.

तिसगावला भजी खाल्ली, खारट होती. तिथून पुढं उजवीकडं डोंगराच्या अंगाला कच्चा रस्ता. उतरलो तेव्हा दुपार कलली होती. भावजय धावत आली, आणि आई खाटेवर उठून बसली. हाताला हात लावल्यावर म्हणाली, "कौसा? आत्ता कशी आलीस? जायची कदी मग?"

"उद्याच्याला," मी म्हटलं.

"उद्याच्याला?" तिनं तीनदा विचारलं. मग भावजयीला हाक मारली, "आगं, कौसा ऱ्हानार हाय. हुलगं दळलं हायती का?"

हुलग्याचे शेंगोळे केले. लसूण लई, तिखट लई. मॅडमच्या नाकातून पाणी आलं तरी त्यांनी दोनदा घेतले. रात्री आईच्या खाटेशेजारी वाकळ टाकून झोपले. तिनं झोपेत माझी वेणी धरून ठेवली होती, लहानपणी धरायची तशी. एवढंच.

सकाळी भिताडापाशी गेलो. बांधलेलं आहे तेच आहे, फक्त मधला एक भाग नव्या दगडांचा, कारण तो शेवंताला चावलं त्या दिवशी पाडला होता. मॅडमनी दहा दगड काढले. अकराव्याखाली लाल विंचू होता. बारीक, पिवळट पायांचा. चिमट्यात धरला तेव्हा नांगी वर करून हवेत मारत होता. मी एवढ्या जवळून पहिल्यांदाच बघत होते, शेवंताच्या विंचवाचा वंश.

मॅडम म्हणाल्या, गंमत दाखवते. ओसरीत घोंगडी घेतली, मॅडम नि मी दोघी घोंगडीखाली डोकं घालून बसलो, भरदिवसा, आणि त्यांनी एक जांभळट दिवा लावला. मालकांच्या डबीतला नि भिताडाचा, दोन्ही विंचू हिरवे पेटले. जसे काही आतून दिवे लागले. दोन्ही एकसारखे हिरवे. मी ओरडलेच, "एकच हायती! बगा, एकच हायती!"

"नाही मावशी," घोंगडीतूनच मॅडम म्हणाल्या. "सगळेच विंचू ह्या दिव्यात असे दिसतात. ती काळीसुद्धा. ह्याच्यावरून काही ठरत नाही. मला डोळ्यांनी तर हे दोघं एकाच जातीचे वाटतात, पण डोळे फसतात. म्हणून तर पाय काढून न्यायचेत."

मग मला बाटलीची आठवण झाली. आमच्याकडं रीत आहे, चावलेला विंचू शोधून काढायचा, तोच, दुसरा नाही, आणि गोड्या तेलात बुडवून ठेवायचा. ते तेल चावल्या जागी चोळतात. त्या दिवशी शेवंताला चावल्यावर आम्ही पहिलं काय केलं असेल, तर विंचू शोधला. भाऊ, शेजारी, मी सुद्धा. पहारीनं भिताड पाडलं. दीड-दोन तास. शेवटी आई पलीकडून ओरडत आली, गावला, गावला, आणि कुणी नीट बघायच्या आत बाटलीचं बूच लावलं. मग गाडी जुंपली. शेवंता कच्चा रस्ता संपायच्या आत गेली.

बाटली अजून कोनाड्यात होती. गावातले लोक तिच्यातलं तेल नेत होते, आई वरून नवं घालत होती. तेल काळं, आतलं काही दिसायचं नाही. मी म्हटलं, मॅडम, खरा तोच आहे, त्याचाच पाय घ्या. मॅडम म्हणाल्या, तेलात इतकी वर्षं राहिल्यावर लिखाण वाचण्यासारखं उरत नाही, पण बघू. ताटलीत तेल ओतलं. शेवटी तो सरकत आला.

पुढचे चिमटे अंगठ्याएवढे जाड होते.

मी मॅडमकडं बघितलं. मॅडम माझ्याकडं बघत होत्या. ती इंगळी होती. इंगळीनं शेवंता मेली नसती.

"आये," मी म्हटलं, "बाटलीत इंगळी हाय."

आईनं ताटलीच्या दिशेला तोंड केलं. तिला दिसत नव्हतं, पण कडवट वास येत असेल. मग म्हणाली, "व्हय. मला ठावं हाय."

"ठावं हाय म्हंजे?"

"लाल न्हाई गावला. त्यो भिताडात गेला, कुनाला गावायचा? समदी दगडं काढीत हुती. तू बी. पोरगी खाटंवर घामानं भिजली हुती, तोंडाला फेस, न् तिच्यापाशी कोन न्हाई. म्या म्हनलं, ह्यास्नी इंचू घावल्याबिगर ही हालत न्हाईत. मग गंजीखालनं ही काढली न् तेलात घातली. म्हनलं, गावला. म्हंजे गाडी तरी जुपत्याल."

रज्जाकभाई दारात उभे होते. ते बाहेर गेले नि जीपला पाणी घालू लागले. पाणी कशाला, ते मला माहीत नाही.

"मला का न्हाई सांगितलं?"

"तू भिताड पाडीत हुतीस, कौसा. तुला काय सांगू?"

मी मॅडमना विचारलं, लगेच नेलं असतं तर? मॅडम खरं बोलणारी बाई. म्हणाल्या, "मला विंचवांची नाती कळतात मावशी. विषाचं मला सांगता येणार नाही. त्या काळी औषध नव्हतं, एवढं ऐकलंय." तेवढ्यावर मी इतकी वर्षं आहे. पण तुम्ही वाचताय, तुमच्याकडं आता औषध आहे. विंचू चावला तर शोधत बसू नका. कोणता होता ते कळलं नाही तरी चालतं. माणसाला उचला नि दवाखाना गाठा.

आई म्हणाली, "जावायला सांगू नको. म्हनंल, म्हातारी खोटारडी."

निघताना तिनं मला ओटीत ज्वारी, खोबरं नि हुलग्याचं पीठ घातलं. बाटलीचं काय करू, विचारलं तर म्हणाली, धुऊन ठेव, उपेगी पडंल. मी इंगळी भिताडाखाली पुरली. तिची काय चूक होती?

परतीचा रस्ता मला फारसा आठवत नाही. घाटात आम्ही थांबलो नाही. भिंगारला रज्जाकभाईंनी माझ्या नातवांसाठी नानकटाईचा पुडा दिला. वास आठवतो.

घरी पोचलो तेव्हा मालक ओसरीवर होते. मॅडमनी दोन्ही विंचवांचा एकेक पाय कसा वेगळ्या बाटलीत घातलाय, अख्खा विंचू कसा दुसऱ्या बाटलीत, ते दाखवलं.

"दिसायला एकच वाटतायत, बाबा," त्या म्हणाल्या.

"दिसायला," मालक म्हणाले. "कागद येऊ द्या."

मी बाटलीचं सांगितलं नाही. तेव्हा नाही, नंतरही नाही. आज इथं पहिल्यांदा लिहितेय, आता आई नाही, मालकही नाहीत.

मॅडमनी बोटांवर महिने मोजले. यंत्रापाशी नंबर लागतो, अक्षरं एकेक जुळवायला लागतात, पावसाळ्याच्या आत नक्की होईल. म्हणाल्या, अक्षय तृतीयेला, म्हणजे आमच्या आखितीला, मी स्वतः येते, कागद हातात देते. मालकांची डबी रिकामी करून परत दिली, आणि पट्टीवर गावाच्या नावाखाली पेन्सिलीनं तो दिवस लिहून ठेवला. मालकांनी डबी खिशात घातली. पुन्हा तिच्यात तंबाखू भरली नाही.

आई माघात गेली. मातीला मी एकटी गेले. दहाव्याला मालक आले, पण ओढ्यावरच्या विधीपुरते, आणि तिथूनच फिरले. मला म्हणाले, "कागद आला की यीन. तिला तसं सांग." मी कुणाला सांगणार होते?

आखितीला त्यांनी पहाटे अंघोळ केली, दाढी केली, धुतलेलं धोतर नेसले. मी आईच्या नि शेवंताच्या नावानं दोन घागरी भरल्या, त्यावर आंबे ठेवले. पिशवीत माझं एक लुगडं नि त्यांचा एक सदरा आधीच भरलेला होता, तोही त्यांनीच. ओसरीवर रस्त्याकडं तोंड करून बसले. बारा वाजले, पुरणपोळी निवली. ठकूबाई दोनदा डोकावून गेली. उन्हं उतरल्यावर त्यांनी टोपी काढून खुंटीला लावली, आणि पिशवीतला सदरा मी परत घडी करून ठेवला.

मॅडम का आल्या नाहीत, मला ठाऊक नाही. शिकायला लांब गेल्या असतील, लग्न झालं असेल, आजारी पडल्या असतील. त्यांना नावं ठेवू नका. माझं बोलणं वहीत लिहून घेणारी ती एकच बाई होती. पुढच्या साली मालकांनी विचारलं, कोन आलं का? त्याच्या पुढच्या साली पण. मग बोलून विचारत नसत, पण दाढी त्या दिवशी करायचेच, आणि आखिती सहसा त्यांच्या नेहमीच्या दाढीच्या वारी येत नसे.

एवढं सगळं लिहून नातसुनेला दाखवलं, तर म्हणाली, आजी, प्रवासाचं म्हणून लिहिताय, मग शेवटी सांगा ना, जावं का तिकडं? जावं की. करंजी घाटात थांबावं. तिसगावची भजी आता बरी मिळतात म्हणे. दगड उलटला तर परत ठेवावा. आणि आई असेल तर एक रात्र राहावं. त्या प्रवासातलं माझ्याजवळ काय राहिलं म्हणाल तर पुढच्या काचेतला रस्ता, घोंगडीतले दोन हिरवे दिवे, आणि वेणीला धरलेली मूठ. बाकी कागदाचं माझं काही नाही. तो मालकांसाठी हवा होता.

मालकांची डबी आता माझ्याकडं आहे. झाकणाला भोकं आहेत, म्हणून तिच्यात काही ठेवता येत नाही. पट्टी पिवळी पडलीय, पण पेन्सिल खरंच राहते. वर आमच्या गावाचं नाव, खाली "बांध, दगडाखाली", आणि त्याच्या खाली मॅडमच्या बारीक अक्षरात: अक्षय तृतीया, सकाळी नऊच्या आत.